पूर ठीक नऊ वाजता

“बाई, पूर कितीला आणायचा?”

सरपंच बाबगोंडा पाटलांनी हे इतक्या सहज विचारलं, की मीही सहज म्हणून गेले, “नऊला आणू. सकाळी.”

“नऊ म्हंजे ठीक नऊ? का साडेनऊ चालंल? धारा काढायच्या असत्यात लोकांस्नी.”

“पूर कुणाच्या धारा बघून येतो का हो आण्णा?”

“खरा न्हाई येत. पर ह्यो आपला घरचाच हाय की!”

मी चहाचा कप खाली ठेवला, कारण हसताना तो सांडला असता. मला आधीच नको तिथं हसू येतं. बारशात येतं, बाराव्यात येतं, मुलाखतीत तर आलंच होतं. आणि तरीही त्या संस्थेनं मला नोकरी दिली होती. नदीकाठच्या गावांना पुराची तयारी शिकवायची नोकरी. वय तेवीस, गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, आणि डोक्यात असं पक्कं की माझ्या तक्त्याप्रमाणे सगळं केलं तर माणूस बुडूच शकत नाही.

वडघाट हे माझं दुसरं गाव. पहिलं समोरच्या काठावरचं पैलवाडी. संस्थेकडे इंजिनाची होडी एकच होती आणि गावं दोन. म्हणून मोठ्या साहेबांनी अट घातली होती: दोन्ही गावांनी रंगीत तालीम करायची, तासाभरात गाव रिकामं करून वरच्या माळावर जायचं. जे गाव कमी वेळात जाईल त्याला होडी. आणि एक जरी माणूस खाली राहिला, तर तालीम बाद. पैलवाडीनं मागच्या रविवारी बावन्न मिनिटांत गाव खाली केलं होतं. तेव्हापासून वडघाटला झोप नव्हती. या दोन गावांचं कुस्तीपासून सोयरिकीपर्यंत कशातच जमत नव्हतं.

“बावन्न?” आण्णा म्हणाले. “आमी चाळिसात जातो. तुमी निस्ता पूर सोडा.”

चार दिवसांनी त्यांनी माझ्या हातात एक कार्ड ठेवलं. गुलाबी. वर गणपती. खाली छापलं होतं: ‘आमचे येथे श्रीकृपेकरून रविवार दि. ११ मे रोजी सकाळी ठीक नऊ वाजता महापुराचे आगमन होणार आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी. भोजनाची सोय माळावर केली आहे.’ आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात, ‘आमच्या पुराला यायचं हं!’

“आण्णा, हे काय?”

“छापखानेवाल्यानं ती शेवटची ओळ फुकट घातली,” ते खूश होऊन म्हणाले.

गाव असं पेटलं होतं. जखमी कुणी व्हायचं यावर दोन भावकींत बोलाचाली झाली. शेवटी किराणा दुकानदार धनपाल चौगुले बेशुद्ध होणार असं ठरलं, कारण त्यांचं वजन शंभरच्या वर आणि ‘ह्येला उचललं तर कुणालाबी उचलतोय’ असं तालमीतल्या पैलवानांचं म्हणणं पडलं. धनपालशेठ रोज दुपारी दुकानात बेशुद्ध पडायचा सराव करत होते. त्यांची बायको म्हणायची, त्यात सराव कसला, ते तसेच असतात.

भोंग्याऐवजी हलगी लावायची, हे शिदबाचं डोकं. शिदबा गावचा हलगीवाला. “वीज जाती बाई. हलगी जात न्हाई.” मला पटलं. मी तक्त्यात ‘भोंगा’ खोडून ‘शिदबा’ लिहिलं.

राहता राहिली भोई गल्ली. नदीला सगळ्यात जवळ, सगळ्यात खाली. घाटाच्या डोक्यावर देऊळ, देवळाला लागून ही गल्ली, आणि गल्लीच्या मागून ओढा. आणि गल्लीच्या टोकाला, अगदी घाटावर, केराक्काचं घर.

केराक्का भोई तेव्हा सत्तरीच्या असतील. त्यांचा नवरा धोंडीराम गावचा नावाडी होता. मागच्या मोठ्या पुरात तो गेला, ‘नाव सोडवायला गेला आणि गेला’, एवढंच मला गावात सांगितलं होतं. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या दारात बसून जाळ्याच्या गाठी मारत होत्या. मी तक्ता उलगडला.

“घडी घाल त्येची,” त्या म्हणाल्या. “चल, घाट दावते.”

घाट उतरताना त्यांनी मला प्रत्येक पायरीची ओळख करून दिली. खालून मोजत गेलं की एका पायरीला कोनाडे होते, कार्तिकात दिवे लावायचे. ती दिव्याची पायरी. तिथून नऊ पायऱ्या वर, देवळाच्या अगदी जवळ, एका पायरीत दगडी कासव कोरलेलं.

“माई वर येती तवा ती माहेराला येती,” त्यांनी नदीकडे बघत सांगितलं. “तिची पाठवणी कराया नगो? कासवाला पानी लागलं की वटी भरायची. हिरवं लुगडं, खण, नारळ, गव्हाची वटी. पयला मान आमच्या घराचा. वटी भरली की उतरती ती.”

मी जरा चाचरत विचारलं, “पण आक्का, तुम्ही… म्हणजे, ओटी तर सवाष्ण भरते ना?”

त्या हसल्या. तोंडात दोनच दात, पण हसू पूर्ण. “गावानंबी इचारलं हुतं. मी म्हनलं, माझा नवरा कुटं हाय ते माईला ठाव हाय का न्हाई? तिच्याजवळच हाय की. मंग मला रांडमुंड ती कशी म्हनंल? गाव गप बसलं.”

मी मान वर करून मागचा ओढा पाहिला. कासवाला पाणी लागेपर्यंत तो ओढा तुंबून गल्लीची वाट बंद होणार, हे माझ्यासारख्या शहरी मुलीलाही दिसत होतं.

“आक्का, कासव भिजेपर्यंत थांबलात तर मागची वाट गेलेली असते.”

“असती की. सगळ्यास्नी ठाव हाय.”

“मग?”

“मंग काय? वटी भरल्याबिगर उठायचं आसतंय व्हय?”

“पण तालमीला याल ना? रविवारी?”

“येनार की. न यायला काय झालं? वटी भरली की लगीच येते.”

मी तक्त्यात त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली. काय म्हणाल या अकलेला! ‘ओटी भरली की’ हे मी ऐकलं, आणि ते बोलण्याची पद्धत आहे असं समजून सोडून दिलं.

रविवार उजाडला. मी साडेसातला गावात शिरले तर गल्ल्या ओस. एक कुत्रं सुद्धा नाही. धावत माळावर गेले, तर अर्धं गाव तिथं आधीच येऊन बसलेलं! जिलेबीचा घाणा सुरू झाला होता आणि वास खालपर्यंत गेला होता. वर माहेरवाशिणी आल्या होत्या, त्यांची पोरं आली होती, इस्लामपूरहून कुणाचे व्याही आले होते. सगळे पत्रिकेवर आलेले.

“खाली चला!” मी शिट्टी फुंकली. “सगळे खाली! अजून पूर आलेला नाही!”

“आलंय तर ऱ्हाऊ द्या की बाई,” एक आजोबा म्हणाले. “तेवढाच येळ वाचला.”

हातापाया पडून त्यांना परत घरी पाठवलं. पावणेनऊला निकाल द्यायला तहसीलदार साहेब आले. उंच, गंभीर, टाय लावलेला माणूस. आण्णांनी त्यांना फेटा बांधला. साहेबांनी फेट्याखालून घड्याळ पाहिलं आणि मला म्हणाले, “नियम माहीत आहे ना मॅडम? एक जरी राहिला तर बाद.”

“एकही राहणार नाही सर,” मी म्हणाले.

ठीक नऊला शिदबाची हलगी कडाडली.

काय सांगू तुम्हाला! माझ्या आयुष्यात मी इतकं सुंदर पळणं पाहिलेलं नाही. म्हशी आधी, मग बैल, मग बाया डोक्यावर गाठोडी घेऊन, मग म्हातारी माणसं ट्रॅक्टरमध्ये. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, प्रत्येकाच्या गळ्यात, जसं मी शिकवलं होतं तसं. गरोदर बाईचं काम केलेली शांताराम गुरवाची सून पोटाला उशी बांधून ट्रॅक्टरमध्ये चढली, आणि चढताना उशी पडली, तर मागून कुणीतरी ओरडलं, “झाली, झाली, मोकळी झाली!” धनपालशेठना सहा पैलवानांनी झोळीत घातलं. अर्ध्या चढावर झोळीतून आवाज आला, “जरा सावलीनं न्या रं.” बेशुद्ध माणसानं बोलायचं नसतं, असं मी ओरडले, तर ते म्हणाले, “बाई, शुद्ध येऊन परत गेली.”

मी माळाच्या तोंडाशी उभी राहून मोजत होते. यादीत सहाशे बारा माणसं. व्याही, माहेरवाशिणी बाजूला काढल्या, पुन्हा मोजलं. एक्केचाळीसाव्या मिनिटाला आण्णांनी टोपी हवेत उडवली.

“एक्केचाळीस! पैलवाडी गेली गाळात!”

लोक नाचायला लागले. शिदबानं हलगीचा ताल बदलला. मीसुद्धा नाचले, कबूल करते. नाचता नाचता यादी पाहिली. सहाशे अकरा खुणा.

पुन्हा पाहिलं. भोई गल्ली, घर पहिलं.

“आण्णा, केराक्का कुठंयत?”

आण्णांचा हात हवेतच थांबला. “आगं आई गं. कासव!”

पैलवाडीच्या बावन्न मिनिटांना आता अकराच मिनिटं उरली होती. आण्णांनी मोटरसायकल काढली, मी मागे बसले. मागून धनपालशेठ डोक्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत आपल्या लुनावर. घाटावर पोहोचलो तर केराक्का कासवाच्या पायरीच्या वर एक पायरी, न्हाऊन धुऊन, शांत बसलेल्या. पुढ्यात ताट. हिरवं लुगडं, खण, नारळ, गहू, हळदीकुंकू. खाली मे महिन्यातली नदी, घाटापासून पन्नास पावलं लांब, पोराच्या गुडघ्याएवढी.

“आक्का! वर चला, पूर आलाय!” मी म्हणाले.

त्यांनी नदीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “कुटं आलाय गं?”

“तालीम आहे ना! आला असं समजायचं.”

“समजलं की. म्हनून तर ताट घिऊन बसलीया. आता कासवाला पानी लागलं की वटी भरते आनि येते.”

“आक्का,” आण्णा पाया पडायचेच बाकी होते, “होडी जाईल वो पैलवाडीला!”

“जाऊ दे की. चांगली मानसं हाईत तीबी.”

वडघाटच्या सरपंचासमोर हे बोलणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळायचं नाही. आण्णा मटकन पायरीवर बसले. “उचलूनच नेऊया,” ते पुटपुटले. आक्कांनी नुसतं शेजारी पायरीला टेकवलेल्या नवऱ्याच्या वल्ह्याकडे पाहिलं. आण्णांनी विषय सोडला.

मी त्यांच्या शेजारी बसले. सहा मिनिटं उरली होती. रडू येत होतं आणि वरून हसूही, दोन्ही एकदम. “आक्का, तुम्ही म्हणाला होता येते म्हणून.”

“मी काय खोटं बोलले व्हय? पानी लागू दे, येतेच.”

तेव्हा मागून धनपालशेठ म्हणाले, “मंग लावा की पानी! कळशीनं आणा आन वता कासवावर. तालीमच हाय नव्हं? पानीबी तालमीचं!”

आम्ही तिघांनी त्यांच्याकडे पाहिलं. बेशुद्धीतून उठलेल्या माणसाला असं काही सुचेल असं कुणाला वाटलं होतं?

“चालंल का आक्का?” आण्णांनी विचारलं.

आक्कांनी विचार केला. “पानी माईचंच पायजे. नळाचं न्हाई.”

आण्णांनी मोबाइल काढून वर फोन लावला. “आरं, दोन-चार जन कळश्या घिऊन घाटावर या. कासव भिजवायचंय. केराक्का अडलीया.”

दोन-चार जण! वर माळावर ज्यानं फोन घेतला त्यानं तो निरोप माईकवर सांगितला. आणि पुढे जे झालं ते मी आजही डोळे मिटले की पाहते. सगळा माळ हलला. बाया हंडे घेऊन, पैलवान जिलेबीची रिकामी पातेली घेऊन, व्याही तांबे घेऊन, उशी सावरत शांताराम गुरवाची सून कळशी घेऊन, सगळं गाव उतारावरून खाली येत होतं. शिदबा सगळ्यात पुढे, वाजवत. एक्केचाळीस मिनिटांत वर गेलेलं गाव आठ मिनिटांत खाली आलं.

“नको! नको! वर राहा!” मी शिट्टी फुंकत राहिले. ऐकतंय कोण?

पाणवठ्यापासून कासवापर्यंत रांग लागली. हंडा या हातातून त्या हातात. पाणी कासवावर कमी आणि माणसांवर जास्त पडत होतं. सासवा सुनांवर ओतत होत्या, सुना सासवांवर, मे महिन्याचं ऊन, सगळे चिंब आणि सगळे हसतायत. आण्णा स्वतः परात घेऊन. “वता रं! वता! भिजलं का? डोकं भिजलं, पाठ ऱ्हायली!”

माझा मोबाइल वाजला. तहसीलदार साहेब.

“मॅडम, इथं मी आणि जिलेबीवाला असे दोघंच उरलोय. पूर संपला का?”

फोन कानाला तसाच धरून मी हसत पायरीवर बसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. होडी गेली होती. दहा वाजायला दोन मिनिटं होती आणि सहाशे माणसं नदीच्या काठावर उभी होती, पुराच्या तालमीत!

आणि मग माझं लक्ष गेलं, की केराक्का हसत नाहीयेत. कासव निथळत होतं. ताट मांडीवर तसंच. त्या घाटाच्या वरपासून खालपर्यंत माणसं बघत होत्या, एकेक करून.

“किती जन आल्यात गं?” त्यांनी मला विचारलं.

“सगळे, आक्का. सहाशे.”

“कशापायी?”

“तुमच्यासाठी. तुम्ही राहिलात ना खाली.”

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. हळूहळू घाटावरचा आवाज कमी झाला. कुणी सांगितलं नव्हतं, पण आक्का उभ्या राहिल्या की गाव गप्प व्हायचं.

“धोंडीराम नाव सोडवाया गेला न्हवता,” त्या म्हणाल्या.

हंड्यातून पाणी ठिबकत होतं तेवढंच.

“समद्यास्नी वर सोडून आला हुता त्यो. गल्लीतली समदी. मी बसले हुते, अशीच. हितंच. कासवाला बोटभर कमी हुतं. मी म्हनलं, भरते आनि येते. वाट गेलीया म्हनून त्यो नाव घिऊन परत आला. मला वढून त्या देवळाच्या वट्यावर टाकलं त्यानं. नाव गेली. त्योबी गेला.” त्यांचा आवाज हलला नाही. “मी कुनाला सांगितलं न्हाई. वटी चुकीच्या येळंला भरायला बसले म्हनलं असतं, तर त्यो कशासाठी गेला म्हनायचं?”

आण्णांनी परात खाली ठेवली. माझं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

“त्यो एकटा आला हुता,” आक्का म्हणाल्या. “तुमी तर समदं गाव आलाय. लेकरं घिऊन आलाय. उद्या खरं पानी आलं आनि मी हितं बसले, तर हेच करनार तुमी. कळश्या नसतील, येवढाच फरक.”

“येनारच की आक्का,” शिदबा म्हणाला. “सोडतोय व्हय तुमाला?”

“तर काय!” त्या एकदम चिडल्या. “म्हनूनच सांगतीया! मूर्ख हाय का मी?” त्यांनी ताट उचललं, पदर खोचला आणि पायऱ्या उतरायला लागल्या. ओल्या पायऱ्या, मी हात धरायला धावले, तर त्यांनी माझा हात झटकला. कासवापासून नऊ पायऱ्या उतरून त्या दिव्याच्या पायरीवर थांबल्या.

“लेक माहेराला आली की पानी-तुकडा घिऊन कुटं जातो आपन? दारात जातो का ती माजघरात येस्तोवर वाट बघतो?”

“दारात!” बाया एकदम म्हणाल्या.

“मंग हे दार. हितं पानी लागलं की वटी भरायची. दारातच. हलगी वाजवायची. आनि घर लेकीला मोकळं करून द्यायचं, चार दिस ऱ्हाऊ दे तिला. आपन माळावर. कुनाला काय म्हनायचं हाय?”

माझ्या तक्त्यात ‘सूचनेची पातळी’ नावाचा एक चौकोन होता. तीन आठवडे मी तो भरायला भांडत होते. मी तिथं लिहिलं: दिव्याची पायरी. अक्षर ओलं झालं, पण राहिलं.

शांताराम गुरवाच्या सुनेनं दिव्याच्या पायरीवर कळशीभर पाणी ओतलं. आक्कांनी ओटी भरली आणि सगळ्यांच्या पुढे चालत माळावर गेल्या.

होडी अर्थातच पैलवाडीला गेली. तहसीलदार साहेबांनी कागदावर ‘बाद’ लिहिलं, मग आण्णांच्या आग्रहानं नऊ जिलेब्या खाल्ल्या आणि म्हणाले की नोकरीत इतकी ओली तालीम त्यांनी पाहिली नव्हती. फेटा त्यांनी जाताना काढला नाही.

त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला आण्णांचा फोन आला. “बाई, ह्या येळंला पत्रिका न्हाई छापली. तवा या लगीच.”

मी पोहोचले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. दिव्याची पायरी नुकतीच भिजली होती. पावसात आक्कांनी ओटी भरली, गल्लीतल्या बायांनी भरली, शिदबानं हलगी वाजवली. गाव वर गेलं. त्रेचाळीस मिनिटं, धनपालशेठ या वेळी स्वतःच्या पायांनी चालत आले, म्हणून दोन मिनिटं जास्त लागली. मी मोजलं. सहाशे बारा. दुपारी तीनला ओढा तुंबला. पाचला कासव बुडालं. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा भोई गल्लीची कौलं तेवढी दिसत होती. मी माळावर उभी राहून पुन्हा पुन्हा यादी मोजत होते, आणि भीती कुणाला कळू नये म्हणून हसत होते.

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला, पाणी संथ झालं, आणि समोरून फटफट आवाज करत होडी आली. पैलवाडीचे सरपंच स्वतः, नारिंगी जाकीट घालून, दोरखंड घेऊन, चार माणसांसह. आधी त्यांनी गावभर घरोघरी हाका मारल्या. देवळाचं शिखर, शाळेचं छप्पर, झाडं सुद्धा पाहिली. कुणी सापडेना. शेवटी होडी माळाच्या कडेला लावून वर आले.

“आवो पाटील,” ते आण्णांना म्हणाले, आणि खरंच चिडले होते, “एवढं डिझेल जाळून आलो. एक तरी मानूस ठेवायचा हुता की खाली! आमी सोडवायचं कुनाला?”

आण्णांनी त्यांना मिठीच मारली. तीन पिढ्यांत पहिल्यांदा. “बसा,” म्हणाले. “च्या घ्या. आमी न्हाई ठेवला मानूस. चुकी झाली.”

तेवढ्यात केराक्का उठल्या. “मला सोडवा,” म्हणाल्या. “मी येते.”

“आक्का, तुम्ही तर वर आहात!” मी म्हणाले.

“म्हनूनच. नावंत बसून धा वर्सं झाली. चल तू बी.”

हिरव्या लुगड्यावर नारिंगी जाकीट घालून त्या होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, बसल्या. मी मागे. कौलांच्या बाजूनं आम्ही देवळाच्या आडोशाला आलो. तिथं पाणी थोपलेलं होतं. आक्कांनी हात वर केला. इंजिन बंद झालं. खाली, आठ-दहा हात खोल, कासव होतं.

त्यांनी पाण्यात हात घातला, आणि मनगटापर्यंत तो तसाच ठेवला. मला वाटलं ओटीचं काही सोडतायत. पण हात रिकामा होता.

“आवो,” त्या पाण्याला म्हणाल्या, जशी बायको माजघरातून नवऱ्याला हाक मारते तशी. “मी वर गेले हुते. येळंत गेले. काळजी करू नगा आता.”

मी तोंड फिरवलं. पैलवाडीच्या सरपंचांनीही फिरवलं. हात बाहेर काढून त्यांनी तो पदराला पुसला आणि मागे वळून इंजिनाजवळच्या माणसाला म्हणाल्या, “आता फिरीव. आनि जरा सरळ चालीव रं, येताना लई डोलत आनलीस.”